बिनवराची पत्रिका

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. नाही म्हणायचा हक्क माझा होता.

ईशिता माझी मुलगी. तिला नर्सिंग करायचं होतं आणि मी नाही म्हणत होते. घरातल्या घरात, किचनमध्ये, भांडी आपटून, रीतसर नाही म्हणत होते. त्यात आमच्या मराठी मंडळाने मधे पडून नाही म्हणायचं काही एक कारण नव्हतं. आईने नाही म्हणणं वेगळं आणि मोहनकाका पिंपळखऱ्यांनी नाही म्हणणं वेगळं. मला तिची काळजी होती म्हणून मी नाही म्हणत होते. ते कशासाठी नाही म्हणाले ते ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल.

मी स्वतः नर्स आहे. मिरजेला शिकले, पुण्यात नोकरी केली, आणि आता नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डवर आहे. इथले म्हातारे मला ‘डक’ म्हणतात. मिरजेत कोणी बदक म्हटलं असतं तर कानाखाली वाजवली असती, इथे मी ‘येस डार्लिंग’ म्हणते. बारा-बारा तास उभी असते. घरी आले की जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते आणि बूट काढायचं त्राण येईपर्यंत तिथेच बसून राहते. कुणाचा तरी बाप माझा हात धरून जातो, आणि मी डोळे पुसायच्या आत पलीकडच्या बेडवरची बाई ओरडते की चहा गार झालाय. तीही खोटं बोलत नसते हो. चहा खरंच गार झालेला असतो.

हे माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ नये असं मला वाटत होतं. यात चुकलं काय? फार्मसी कर म्हटलं, अकाउंट्स कर म्हटलं, अगदी बापासारखी काउन्सिलमध्ये जाऊन बस म्हटलं. सुयश, माझा नवरा, काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या महापालिकेत, लोकांच्या पार्किंग तिकिटांच्या तक्रारी वाचतो. दिवसभर खुर्ची असते, हीटिंग असतं, कोणी अंगावर ओकत नाही.

“आई,” ईशिता म्हणाली, “तू दमून घरी येतेस. बाबा बोअर होऊन घरी येतो. मला दमायचंय.”

“बरोबर आहे तिचं,” सुयश म्हणाला.

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

शनिवारी ती एका केअर होममध्ये काम करायची. तिथून आली की तासभर तिथल्याच गप्पा. कोणत्या आजीने कोणाची कवळी पळवली, कोणत्या आजोबांना आज स्वतःचं नाव आठवलं. तोंडावर असा उजेड असायचा की मला धडकीच भरायची. मिरजेला मीही अशीच होते.

युनिव्हर्सिटीने तिला सीट दिली. आता इथल्या मुलांना सरकार स्टुडंट लोन देतं. आम्ही व्हिसावरची माणसं, पर्मनंट व्हायला अजून अवकाश, म्हणून आम्हाला लोन नाही, आणि फी मात्र परदेशी मुलांची. आमची शिल्लक, सुयशच्या आत्यांची मदत, सगळं धरूनही कमीच पडत होतं. उरलेलं मंडळाच्या विद्यानिधीतून बिनव्याजी मिळालं तर सीट राहणार, नाहीतर जाणार. मी म्हटलं, बघ, देवाच्याच मनात नाही. ईशिता म्हणाली, देवाला कशाला मधे घेतेस, मोहनकाकांना विचारू. तिने अर्ज केला. मी अडवलं नाही, कारण मनात म्हटलं, मंडळाचं काम आहे, वर्षभर लोळत पडेल, तोवर हिचं मन बदलेल. हो मात्र मी म्हटलं नव्हतं.

आणि कधी नव्हे ते मंडळाने आठवड्यात मीटिंग बोलावली.

मीटिंग मोहनकाकांच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत होती. मोहनकाका अध्यक्ष. जन्मभर पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आता रिटायर होऊन मंडळ चालवतात. त्यांची बायको मधुमतीकाकू खजिनदार. तिसरा राज, इथेच जन्मलेला तरुण अकाउंटंट. मंडळाची घटना त्याला पाठ आहे आणि मराठी अर्धवट. काकूंनी बटाटेवडे केले होते, केचप ठेवला होता. मी आणि ईशिता समोर वेताच्या खुर्च्यांवर.

काकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला. “विद्यानिधी प्रोफेशनल कोर्ससाठी आहे, अक्षया.”

“मग? नर्सिंग काय आहे?”

“चांगलंच आहे गं. सेवाभाव आहे. पण प्रोफेशनल?”

“काका, मी गेली चार वर्षं काय हळदीकुंकू करतेय का वॉर्डवर?”

“तसं नाही. आपल्या नियमात बसत नाही. राज, वाच.”

राजने वाचलं. “मंडळाने छापलेल्या पत्रिकेत ज्याच्या नावाआधी उपाधी लागते किंवा पुढे लागणार असते, तो व्यक्ती प्रोफेशनल समजावा.”

आता आपल्या माणसांचं हे वेड काही नवीन नाही. गणपतीची पत्रिका असो, लग्नाची असो, नुसतं नाव छापलं तर माणूस उघडा पडल्यासारखा दिसतो. डॉ. पाहिजे, ॲड. पाहिजे, प्रा. पाहिजे. मोहनकाका स्वतःच्या नावाआधी ‘इंजि.’ लावतात, त्यांच्या दारातल्या कुंडीवरही ते रंगवलेलं आहे. पण त्या छपाईवरून कोणाला शिकायला पैसे द्यायचे हे ठरवणारं मंडळ जगात आमचंच असेल.

“आजवर सगळ्यांना हाच नियम लावलाय,” काका म्हणाले. “शशीच्या मुलाला पीएचडीला दिलं. मध्ययुगातल्या गटारांवर केली त्याने. डॉ. लागतं.”

“कुशला पण दिला,” राज म्हणाला. “तो कुकिंग शिकला. शेफ कुश. नावाआधी येते.”

“आणि त्या दोन मुलींना ऑनलाइन कीर्तनाच्या कोर्सला दिलं,” काकू म्हणाल्या. “ह.भ.प. लागतं ना.”

मी ईशिताकडे पाहिलं. ती ओठ दाबून वड्याकडे बघत होती. हसू दाबत होती की रडू ते कळेना, आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! माझ्या मुलीला नाही म्हणायला तुम्ही कोण? गटारं चालतात, टाळ चालतो, आणि माझा धंदा चालत नाही? अहो, मी स्वतः रोज त्या धंद्याला शिव्या घालते, पण ते घरचं भांडण आहे. बाहेरच्याने माझ्या घराला पडकं म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

“सिस्टर लावा,” मी म्हटलं. “हॉस्पिटलात म्हणतातच.”

“पत्रिकेत सिस्टर?” काका विचारात पडले. “मंडळाने चर्चमधून पाहुणी बोलावली असं वाटेल लोकांना. आणि उद्या मुलगा नर्स झाला तर? ब्रदर?”

“म्हणतातच ब्रदर.”

“गणपतीच्या पत्रिकेत ब्रदर नाही छापणार मी.”

मग समितीला अचानक उत्साह आला. वडे खात खात नर्सला उपाधी शोधायचं काम सुरू झालं. काकूंनी ‘परि.’ सुचवलं, परिचारिकेचं. काका म्हणाले, आरतीच्या यादीत परी आली तर गॅदरिंगचा कार्यक्रम वाटेल. राजने ‘न.’ सुचवलं. नुसतं न. ‘न. ईशिता बिडकर’. काका म्हणाले, हे अशुभ दिसतं. मग त्यांना सुचलं, ‘शुश्रू.’. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी ते तीनदा म्हणून दाखवलं आणि तिसऱ्या वेळी वड्याचा घास उडाला. शेवटी असं ठरलं की उपाधी तयार करायला उपसमिती नेमावी आणि तिने पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत अहवाल द्यावा.

“पण सीट सप्टेंबरची आहे,” ईशिता म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. त्या आवाजाने माझं डोकं फिरलं.

“माझ्या नावाआधी लागते की उपाधी!” मी उसळून म्हटलं. “गेल्या गणपतीची पत्रिका काढा. सौ. अक्षया बिडकर. प्रसाद माझा होता. म्हणजे मी प्रोफेशनल झाले का?”

मी टोमणा मारला होता. पण राजने तो खाली पडू दिला नाही. त्याने घटना परत वाचली, पेनाने डोकं खाजवलं आणि म्हणाला, “टेक्निकली, हो.”

काकांनी घटना त्याच्या हातातून घेऊन स्वतः वाचली.

“सौ. लागतं म्हणजे मीसुद्धा प्रोफेशनल?” मधुमतीकाकूंनी विचारलं.

“टेक्निकली.”

काकूंनी वड्यांचं ताट खाली ठेवलं. “अहो, ऐकलंत का? आणि तुम्ही मला चाळीस वर्षं हाउसवाइफ म्हणून सांगताय सगळ्यांना.”

“अगं पण...”

“पण नाही. आजपासून विचार करून बोला माझ्याशी.”

म्हणजे बघा. इतकी वर्षं मी माणसांना सुया टोचल्या, जखमा धुतल्या, मेलेल्यांचे डोळे मिटवले, त्याने मी प्रोफेशनल नाही. सुयशशी लग्न केलं, त्याने झाले. सुयशला घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मग मी काय आहे, ट्रेनिंग कॉलेज?” पण ते नंतर. त्या वेळी काकूंना नवा अधिकार मिळाला होता आणि त्या थांबायला तयार नव्हत्या.

“मग सोपंच आहे की,” त्या म्हणाल्या. “ईशिताचं नाव लग्नपत्रिकेत आलं की तिलाही लागेल. चि. सौ. कां. लागतं नवरीला. तीन तीन उपाध्या! डॉक्टरला एकच असते.”

“काकू, माझं लग्न नाहीये,” ईशिता म्हणाली.

“लग्नाचं कोण म्हणतंय? पत्रिकेचं चाललंय.”

“पत्रिका मंडळाने छापली पाहिजे,” काका म्हणाले. ते आता पंपाचं ड्रॉइंग समोर असल्यासारखे गंभीर झाले होते. “ते करता येईल. पण वर?”

राजने पुन्हा घटना चाळली. “वर पाहिजेच असं कुठे लिहिली नाही.”

मला तिथे उठून जाता आलं असतं. जायलाच हवं होतं. पण मी रागात होते, आणि रागात मला समोरच्याला त्याच्याच मूर्खपणात गळ्यापर्यंत बुडवायची सवय आहे. “छापा!” मी म्हटलं. “काय व्हायचं ते होऊ दे. छापा!”

“आई?” ईशिता माझ्याकडे बघत राहिली. “म्हणजे तू हो म्हणतेयस?”

“मी छापा म्हणतेय,” मी म्हटलं. “हो म्हणत नाहीये.”

पत्रिका छापली गेली. वर गणपती, कोपऱ्यात सनई, मधोमध ‘चि. सौ. कां. ईशिता हिचा शुभविवाह योजिला आहे’, आणि खाली ‘वर : यथावकाश’. निमंत्रक म्हणून इंजि. मोहन पिंपळखरे. मला वाटलं, हा कागद फाईलला लागेल आणि प्रकरण मिटेल. पण राजने फोन केला.

“अक्षयाताई, एक छोटी प्रॉब्लेम आहे. हा चॅरिटीचा पैसा आहे. खोटी पत्रिका दाखवून लोन दिला तर फ्रॉड होते. पत्रिका खरा पाहिजे.”

“खरी म्हणजे?”

“त्यात डेट आहे, हॉल आहे. तर त्या डेटला त्या हॉलमध्ये ती फंक्शन झाली पाहिजे.”

“लग्न?”

“विवाह योजिला आहे लिहिला आहे. योजला पाहिजे. होते की नाही, तो मंडळाचा बिझनेस नाही.”

आणि मग ती पत्रिका काकूंनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तिथून ती लेस्टरला गेली, बर्मिंगहॅमला गेली, एजवेअरला गेली. एजवेअरला सुयशच्या मालविकाआत्या राहतात. त्यांचा फोन आला तेव्हा मी वॉर्डवरून येऊन जिन्यावर बसले होते.

“कळवायचंस तरी गं! मुलगा कोण?”

“अजून ठरायचाय आत्या.”

“ठरायचाय? आणि हॉल?”

“हॉल ठरलाय.”

“मग ठीक आहे,” आत्या म्हणाल्या. “हल्ली हॉलच मिळत नाहीत.” आणि त्यांनी रुखवताला घ्यायला सुरुवात केली.

एकाने विचारलं नाही हो की हा काय प्रकार आहे! सगळ्यांनी काय विचारलं, तर जेवण दुपारी आहे की संध्याकाळी, आणि पार्किंग आहे का. पार्किंगचं सुयशने स्वतः जातीने बघितलं, तेवढंच त्याच्या हातात होतं. मी रजा मागायला गेले तर आमची वॉर्ड मॅनेजर आनंदाने ओरडली, भाग्यवान मुलगा कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, अजून कन्फर्म नाही. ती म्हणाली, हॉटेलच्या बुकिंगमध्येही असंच होतं, आणि रजा मंजूर केली.

त्यातच स्थळं यायला लागली. पत्रिकेत जागा रिकामी दिसल्यावर लोकांना राहवेना. कोव्हेंट्रीच्या एका बाईंनी मुलाचे फोटो पाठवले, एकात तो क्रिकेट खेळत होता आणि एकात क्रिकेट बघत होता. मिल्टन कीन्सच्या एकांनी मुलगी काय करते विचारलं. नर्सिंग करणार म्हटल्यावर त्यांनी जरा थांबून कळवलं की आम्हाला प्रोफेशनल मुलगी हवी होती. मी म्हटलं, अहो, तुम्हाला विचारलंय कोणी? माझी मुलगी न मागितलेल्या लग्नात नापास झाली होती. त्या दिवशी मी फोन आपटला आणि त्याची काच गेली.

ईशिता मात्र हे सगळं हसण्यावारी नेत होती. केअर होममधल्या आज्यांना ती दर शनिवारी ताज्या बातम्या सांगायची. एका आजीने तिला स्वतःच्या लग्नातले हातमोजे दिले. पण रात्रीचं जेवण झालं, सुयश भांडी घासायला उठला, की ती माझ्यासमोर बसून राहायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. काही विचारायची नाही. मीही काही बोलायचे नाही. काय बोलणार? मंडळाशी भांडताना मी गावभर सांगत होते की नर्सिंगसारखा धंदा नाही, आणि घरी तिला सांगत होते की नको. माझी मलाच लाज वाटायची.

तारीख आली. चर्चच्या मागचा हॉल, तोच जिथे आमचा गणपती बसतो. काकूंनी झेंडूच्या माळा केल्या होत्या, कागदाच्या. मालविकाआत्या रुखवताचे तीन डबे घेऊन आल्या होत्या. लोक नटूनथटून आले, आहेराची पाकिटं घेऊन आले. दारात राज उभा राहून प्रत्येकाला सांगत होता की हा लग्न नाही, योजना आहे. लोक हो हो म्हणत आत जात होते आणि खुर्च्या धरत होते.

ईशिताने पिवळी साडी नेसली होती. मी तिला नेसवली. निऱ्या घालताना मी दोनदा चुकले, आता सांगायला काय हरकत आहे.

गुरुजी मिल्टन कीन्सहून आले होते. रघुवीरगुरुजी. सोमवार ते शुक्रवार बँकेचं सॉफ्टवेअर तपासतात, शनिवार-रविवारी गुरुजी. तपासायची सवय त्यांची रविवारीही जात नाही. त्यांनी दोन पाट मांडले, ईशिताला एकावर उभं केलं, अंतरपाट हातात घेतला आणि समोरच्या पाटाकडे बघितलं.

“इथे कोण?”

“यथावकाश,” मोहनकाका म्हणाले.

“तसं चालणार नाही,” गुरुजी म्हणाले. “मी लग्न लावत नाहीये, मान्य. विधी दाखवतोय, मान्य. पण रिकाम्या पाटासमोर अंतरपाट धरायचा नसतो. समोर कोणीतरी पाहिजे. नाहीतर मी निघालो, एम वन हायवेला ट्रॅफिक लागेल.”

“आणि फंक्शन झाली नाही तर लोन पास होत नाही,” राजने सांगितलं.

आता धावपळ सुरू झाली. काका म्हणाले, गणपतीची मूर्ती ठेवू. ती राजच्या गॅरेजमध्ये, बबलरॅपमध्ये. काकू म्हणाल्या, पूर्वी मुलीचं लग्न झाडाशी लावायचे, पलीकडे गार्डन सेंटर आहे, केळीचं रोप आणते. त्या पर्स घेऊन निघाल्यासुद्धा. कोव्हेंट्रीच्या बाईंनी क्रिकेटवाल्या मुलाला कोपराने पुढे ढकललं. तो बिचारा इतका घाबरला की थेट बाथरूममध्ये गेला आणि कडी लावून बसला.

“आई,” ईशिता म्हणाली. “तू ये ना इथे.”

“मी?”

“हो. तू उभी राहा.”

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी क्षणभर विचार केला. “कोणीतरी म्हटलंय मी. कोण ते नाही म्हटलं. या.”

मी चपला काढल्या आणि पाटावर चढले. काकूंना दारातून परत बोलावलं. अंतरपाट वर गेला आणि माझी मुलगी दिसेनाशी झाली. नुसता पांढरा कपडा आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. पलीकडून फक्त बांगड्या वाजत होत्या.

काकूंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं सुरू केली. त्यात सलाईन होतं, इंजेक्शन होतं, विद्यानिधीचे सगळे माजी अध्यक्ष होते, आणि संपायचं नाव नव्हतं. प्रत्येक कडव्याला सगळा हॉल सावधान म्हणून ओरडायचा आणि अक्षता उडायच्या. त्या गोंगाटात कपड्यापलीकडून आवाज आला.

“आई, ऐकू येतंय?”

“येतंय.”

“राज म्हणतो, हे संपलं की लोन पास. सोमवारी युनिव्हर्सिटीला हो कळवायचंय.”

“मग कळव.”

“तू अजून हो म्हटलं नाहीस.”

हॉल ओरडला. माझ्या केसांत तांदूळ पडले.

“तुझं काय अडलंय माझ्या होशिवाय?” मी म्हटलं. “एवढं लग्न मांडलंस लोनसाठी.”

“लोनसाठी नाही गं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू त्यांच्याशी भांडता भांडता मला हो म्हणशील. मी वाट बघत होते. तू नाही म्हणालीस तर मी नाही जाणार. खरंच नाही जाणार.”

समोरच्याचं तोंड दिसत नसलं की माणूस खरं बोलतो, वॉर्डवर पडदा ओढला की पेशंटही बोलतात.

“मला भीती वाटते ईशू,” मी म्हटलं. “तू थकून येशील, कोणी तुला वाटेल ते बोललेलं असेल, कोणीतरी तुझ्या हातात गेलेलं असेल, आणि तू जिन्यावर बसशील. मला ते बघवणार नाही.”

पलीकडे बांगड्या थांबल्या.

“मग मी काय करते आई?” ती म्हणाली. “मी शाळेत असल्यापासून रोज वरच्या पायरीवर बसून तुला बघते. तू बूट काढेपर्यंत बसते. मला माहितीये ते कसं असतं. मला माहीत असूनच व्हायचंय.”

मला माहीतच नव्हतं. चार वर्षं ती वर बसलेली असायची आणि मी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

काकूंचं शेवटचं कडवं झालं, सगळे टाळ्या वाजवायला लागले आणि गुरुजींनी अंतरपाट बाजूला ओढला. ईशिता समोर उभी होती. काजळ गालावर आलेलं, केसांत तांदूळ, हातात हार. काय देखणी दिसत होती माझी पोर!

“हो,” मी म्हटलं. “हो म्हणते. जा, हो नर्स. पण मोजे चांगले घे, पाय फुगतात.”

तिने माझ्या गळ्यात हार घातला. मी तिच्या घातला. मोहनकाकांनी माईकवर जाहीर केलं की कार्यक्रम नियमानुसार पार पडला आहे, राजने मान डोलावली, आणि सुयशने पाठमोरं होऊन खिडकीतून पार्किंगकडे बघायला सुरुवात केली. मग मी जी रडायला लागले, ती पाटावरच उभी राहून, हुंदके देऊन रडले. मुलीच्या लग्नात आई रडतेच, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.